खालची म्हातारी

थेंब पडला तो नेमका मोतिया रंगाच्या टिश्यूच्या साडीवर, आणि तोही फॉल लावून, पिको करून, फक्त घडी घालायची बाकी असताना. सुगंधाने साडी झटकन ओढली, पण पदराच्या बाजूला रुपयाएवढा पिवळट डाग उठलाच. तिने वर पाहिलं. छताच्या त्याच कोपऱ्यात दुसरा थेंब फुगत होता, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा.

"अहो, बादली!" ती ओरडली.

रतनने पेपरातून मान वर न काढता पायानेच बादली सरकवली. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तो घरात एवढंच काम मन लावून करत असे. सुगंधाने साडी खुर्चीवर टाकली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याच्या दांड्याने छतावर धाड धाड धाड ठोकलं. वरून उत्तर आलं नाही. कधीच येत नसे. मग तिने पदर खोचला आणि जिना चढायला लागली.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली ही चार मजली बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर भालेराव, म्हणजे सुगंधा आणि रतन. लेक सपना लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती. त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, गुणाजी परब. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी जान्हवी बोरिवलीला, त्यामुळे घरात एकटेच. परबांनी कोणे एके काळी मोरी वाढवून घेतली होती आणि ती नेमकी सुगंधाच्या शिलाई मशीनच्या वर आली होती. घरात उजेडाचा कोपरा तेवढाच, म्हणून मशीन हलवता येत नव्हती, आणि परब हलत नव्हते.

दार उघडंच होतं. परब खिडकीत बसून चष्म्याच्या काचा लुंगीला पुसत होते.

"ये गो बाय, बस. परत गळूक लागला?"

"बसायला नाही आले मी. गिऱ्हाइकाची साडी खराब झाली. आता मी काय सांगू तिला? वरच्या काकांनी आशीर्वाद दिला म्हणून सांगू?"

"उद्या पलंबराक बोलावतंय."

"तुमचा उद्या मी गेली किती वर्षं ऐकतेय, काका! कॅलेंडरात तरी असतो का हो तो?"

परब उठले, कपाटापाशी गेले. सुगंधाला पुढचं सगळं पाठ होतं. दर गळतीला हेच. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. 'उभानगर, भाग पाचवा. लेखक गुणाजी परब.'

"ह्या घे. नवीन आसा. आधीचा वाचलंस काय?"

"वेळ कुठाय मला?"

"वाच गो कधीतरी."

नळाला वॉशर मागावं आणि हातात पुस्तक यावं, असा माणूस. पहिली गळती झाली तेव्हा पहिला भाग मिळाला होता. दुसऱ्या गळतीला दुसरा. म्हाताऱ्या माणसाच्या हातून घ्यायचं नाही म्हणणार कसं, म्हणून ती घेत गेली. पण वाचायचं? ज्याच्या मोरीचं पाणी आपल्या डोक्यावर पडतं, त्याचं पुस्तक वाचून त्याला वर आणखी मोठेपणा द्यायचा? छे. शिवाय ती सगळी अद्भुत कादंबरी म्हणे. राजे, सावल्या, जादू. आयुष्यभर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडलेल्या माणसाला या वयात हे कुठून सुचतं आणि कशाला सुचतं, हे तिला कळत नसे. तिला शाळेत वाचायची आवड होती. पण ती आवड शाळेबरोबरच संपली असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुस्तकं मात्र तिने फुकट जाऊ दिली नाहीत. फरशी एका बाजूला खचली होती, तिथे मशीनच्या मागच्या पायाखाली पहिला भाग बसला. दुसरा आणि तिसरा फॉलवर वजन म्हणून. फॉल आधी पाण्यातून काढून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात साडीला सुरकुत्या पडतात. तो वाळलेला फॉल दाबून सपाट करायला ही जाडजूड पुस्तकं अगदी झकास. चौथ्यावर रतन चहाचा कप ठेवायचा. पाचवा तिने त्या दिवशी रागाने कपाटावर भिरकावला आणि तडक सोसायटीच्या ऑफिसात गेली.

सेक्रेटरी कमलताईंनी तक्रार लिहून घेतली. त्यांनी आधीही बऱ्याचदा घेतली होती.

"या वेळी सोडणार नाही, कमलताई. मोरी फोडायची म्हणजे फोडायची. नाहीतर मी मीटिंगमध्ये उभी राहीन."

"अगं, म्हातारा माणूस एकटा राहतो गं वर."

"आणि मी खाली पोहायला शिकू का?"

तक्रार मंजूर झाली. काम निघालं. पण सोसायटीचं काम निघणं आणि होणं यात किती अंतर असतं, ते सांगायला नको.

मध्यंतरी पाणी भिंतीतून मशीनच्या स्विचबोर्डात उतरलं. इलेक्ट्रिशियनने येऊन त्या भिंतीचं कनेक्शनच काढून ठेवलं आणि म्हणाला, "वैनी, भिंत वाळल्याशिवाय हात लावायचा नाय. वाट लागेल." सणाचे दिवस, साड्यांचा ढीग, आणि मशीन बंद. सुगंधाने चिडून मशीन भिंतीपासून ओढली तर ती एका बाजूला कलली आणि पायाखालचा पहिला भाग घसरून बाहेर आला. पुठ्ठ्यावर पायाचा गोल ठसा उमटला होता. वर केराचा थर. तिने तो ओल्या फडक्याने पुसला आणि दुपारभर हाताला काम नव्हतं म्हणून उघडला. दोन पानं वाचू, किती भिकार आहे ते बघू, म्हणजे पुढच्या वेळी तोंडावर सांगता येईल, एवढाच हेतू.

उभानगर नावाचं एक शहर होतं. ते आडवं वाढायचं नाही, उभंच वाढायचं. मजल्यावर मजला. वरच्यांचं सांडलेलं सगळं खालच्यांच्या वाट्याला यायचं. त्या शहराचा राजा कर म्हणून पैसे घेत नसे, माणसांच्या सावल्या कापून नेत असे. तांबू नावाच्या एका मुलीची सावली तिच्या आईने आपल्या हाताने राजाच्या माणसांना दिली, कारण घरात द्यायला दुसरं काही नव्हतं. मग ती मुलगी उन्हात जायला घाबरू लागली.

जळका वास आला तेव्हा सुगंधा चाळिसाव्या पानावर होती आणि डाळीचं पातेलं कोळसा झालं होतं.

"काय गं, झोपलीस काय?" बाहेरून आलेला रतन म्हणाला.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि पुस्तक साडीच्या घड्यांखाली सारलं.

तिला भयंकर राग आला होता. डाळीचा नाही. पुस्तक वाईट असतं तर किती बरं झालं असतं! नऊ वर्षं नाक मुरडलं, अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की म्हातारा काहीबाही खरडतो, आणि आता त्या तांबूचं पुढे काय होणार याने जिवाला घोर लागला. तिने घासून घासून पातेलं पांढरं केलं आणि पुन्हा पुस्तक काढून बसली.

दुसरा भाग फॉलवरून निघाला, तिसराही तिथूनच. रतन गच्चीवर पत्ते खेळायला गेला की ती वाचायची. तो आला की घडीखाली. लग्न झालेल्या बाईने लपूनछपून करायच्या गोष्टी वेगळ्या असतात, आणि आपण लपवतोय काय तर म्हाताऱ्याची कादंबरी, याचंच तिला हसू येई आणि त्या हसण्याचाही राग येई. चौथ्या भागावरचा चहाचा डाग तिने खोडरबराने घासून पाहिला. पुठ्ठाच निघायला लागला तेव्हा रतनवर ओरडली, "पुस्तकावर कप ठेवतात का?"

रतन बघतच राहिला. "तूच म्हणालीस ना, टेबल खराब होतं, त्यावर ठेवा?"

पण खरा हादरा तिसऱ्या भागातच बसला होता. तांबू राजाच्या कोठारातून परत चोरलेली आपली सावली फडक्यात बांधून शहराच्या तळाशी निघते. का, तर उभानगराच्या अगदी खाली, सगळ्या मजल्यांखाली, एक म्हातारी बसते आणि फाटक्या सावल्या शिवते, असं तिने ऐकलेलं असतं. ती म्हातारी तोंडाची फटकळ. तिच्या डोक्यावर सगळ्या शहराचं पाणी ठिबकत असतं. गळायला लागलं की ती काठीने वरच्या छतावर धाड धाड धाड ठोकते आणि वरच्या सगळ्या मजल्यांना नावं ठेवते. पण सुई तिच्या हातातून सुटत नाही.

सुगंधाने ते पान दोनदा वाचलं. मग उठली, झाडू घेतला आणि छतावर तीनदा ठोकलं. या वेळी गळत नव्हतं.

म्हातारी! मी म्हातारी? बावन्नावं सरायचंय अजून! आणि हा माणूस वर बसून कान देऊन माझं बोलणं ऐकतो आणि पुस्तकात घालतो? ती घरभर फिरली. पाणी प्यायली. मग पुन्हा बसली आणि म्हातारीचं जिथे जिथे नाव होतं, ती सगळी पानं शोधून वाचली. चौथ्या भागात म्हातारी कमी होती, तर तिचा चेहरा पडला. पाचव्यात पुष्कळ होती. उभानगरातले लोक तिला घाबरत, पण अडलं की तिच्याकडेच येत, असं लिहिलं होतं. सुगंधाबद्दल असं कुणी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, लिहिणं तर दूरच. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला वैताग आला.

पाचव्या भागाच्या शेवटी तांबू एकदाची म्हातारीपाशी पोचते. फडकं सोडते. कापलेली सावली जमिनीवर पसरते आणि म्हणते, "म्हातारे, मला शिवून देशील?" म्हातारी सुईत दोरा ओवते, मान वर करते आणि बोलायला तोंड उघडते.

पुस्तक संपलं.

सुगंधाने शेवटचं पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने पुस्तक उलटंसुलटं करून झटकलंदेखील.

"असं कुठं असतं का!" ती मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?" रतन स्वयंपाकघरातून.

"काही नाही. दोरा तुटला."

आता वर जायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, एवढंच तर होतं. पण ज्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? काका, तुमची मोरी फोडायला लावलीय, पण म्हातारी पुढे काय म्हणते तेवढं सांगा? त्यापेक्षा गळायला लागलं की जाऊ, असं तिने ठरवलं. गळतीला पुस्तक मिळतंच. सहावा भाग तयार असेल कपाटात. ती रोज सकाळी उठून छताकडे बघू लागली. आणि इतकी वर्षं सणवार न बघता गळणारं ते छत नेमकं त्याच दिवसांत कोरडं ठणठणीत राहिलं.

मग एका सकाळी जिन्यात घमेली आणि सिमेंटच्या गोण्या आल्या. सोसायटीचं काम चक्क सुरू झालं होतं. मोरी फोडायची म्हणजे घरात पाणी नाही, म्हणून जान्हवी वडिलांना बोरिवलीला न्यायला आली होती. सुगंधा दार उघडते तर परब एका हाताने कठडा धरून पायऱ्या उतरत होते, मागून जान्हवी बॅग घेऊन.

"ऐका," सुगंधा म्हणाली. "भांडायचंय मला."

जान्हवीने कपाळाला हात लावला. "मावशी, आता तरी नको ना. काम चालू झालंय की."

"मोरीचं नाही. म्हातारी कुणाला म्हणता हो, काका?"

परब पायरीवर थांबले. चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की जान्हवीने घाबरून त्यांचा दंड धरला.

"वाचलंस?"

"पाचही. आणि पुढे काय? तोंड उघडून ठेवलंय त्या बाईनं, माशी जाईल आत! काय म्हणते ती?"

"ता माकाच खंय ठाऊक आसा?"

"म्हणजे? सहावा लिहिला नाही?"

"छापणारो बंद झालो. कोणासाठी लिवू, बाय? वाचता कोण?"

"मी काय मेले काय?" सुगंधा म्हणाली. आवाज इतका चढला होता की पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. "मी पाच भाग वाचून बसलेय इथे, आणि तुम्ही म्हणता वाचतं कोण! मला सहावा पाहिजे. बोरिवलीला कागद मिळत नाही का?"

परब हसले. त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तसं तिने त्यांच्याकडे नीट पाहिलंच कधी होतं? ती दर वेळी त्यांच्या कपाटाकडे, मोरीकडे, नळाकडे बघत आली होती.

"उद्या बसतंय लिवूक," ते म्हणाले.

काम झालं, तरी परब परतले नाहीत. गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि बोरिवलीच्या बिल्डिंगला लिफ्ट होती. सुगंधाने कमलताईंना सांगून पाहिलं, की तक्रार मागे घेतली तर काही होईल का. "वेडी आहेस का गं? मोरी झाली आता," कमलताई म्हणाल्या. ज्या कामासाठी तिने नऊ वर्षं घसा फोडला, ते झालं, आणि त्या कामानेच म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. तो राग कुणावर काढायचा हे तिला कळेना, म्हणून तिने परबांना फोन लावायला सुरुवात केली.

"किती पानं झाली?"

"बसतंय उद्या."

"नळाचं पण असंच म्हणायचात."

"डोळ्यांका नीट दिसना नाय गो."

"मग जान्हवीला सांगा, ती लिहील. पण टाळू नका. मी त्या बिचाऱ्या तांबूला तिथे उभी ठेवून झोपू शकत नाही."

रविवार आला की फोन ठरलेला. रतन म्हणायचा, "आधी घरात भांडायचीस, आता फोनवर. तेवढंच बिल वाढलं." पण रविवारी सकाळी फोन चार्जिंगला तोच लावून ठेवायचा.

वर भाडेकरू आले. प्रीतम आणि दिशा, दोघंही नोकरीवाले, दोघंही सभ्य. आणि एक दिवस, नवीन फरशी, नवीन वॉटरप्रूफिंग, सगळं करूनही छताच्या त्याच कोपऱ्यातून थेंब पडला. सुगंधाने वर पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ती झाडू घ्यायला न जाता फोनकडे धावली.

"काका, गळलं! तुमच्या घरातून परत गळलं!"

पलीकडे आधी खोकला, मग हसू. "म्हंजे पुस्तक लागू झाला तुका."

"झालंच. आता सुटका नाही तुमची."

"एक ओळ झाली आसा. वाचू?"

"वाचा."

कागद फडफडल्याचा आवाज आला. परब बोलायचे मालवणी, पण वाचायला लागले की आवाज वेगळाच, सरळ आणि जवान. त्यांनी वाचलं, "म्हातारी म्हणाली, म्हातारी कुणाला म्हणतेस गं?"

सुगंधाने फोन कानाशी धरून पायानेच बादली थेंबाखाली सरकवली. बादलीत थेंब पडत होते.

"ओळ बरी आसा?"

"बरी आहे," ती म्हणाली. "पुढे?"

"पुढचा रविवारी."

रविवारी फोन जान्हवीने उचलला. गुरुवारी गेले, म्हणाली. चहा घेतला, खुर्चीत बसले आणि गेले. खूप माणसं नव्हती, घाईत कुणाला कळवायचं ते सुचलं नाही. "मावशी, तुमच्या फोनची वाट बघायचे हो. त्या दिवशीपण म्हणत होते, उद्या लिहायला बसतो."

"हो," सुगंधा म्हणाली. "तसंच म्हणायचे ते."

मग तिने रतनला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.

भाडेकरू खरंच चांगले होते. दिशा स्वतः खाली आली, सॉरी सॉरी म्हणाली, आणि प्लंबर त्याच दिवशी आला. त्याच दिवशी! मोरीच्या पाइपच्या तोंडाशी फट राहिली होती, ती त्याने तासाभरात बुजवली. छत वाळलं. महिन्याभराने त्यांनी आपल्या खर्चाने रंगारीही पाठवला.

रंगाऱ्याने सगळं छत पांढरं केलं. सुगंधा मशीनवर बसून एका जांभळ्या साडीला पिको करत होती. पाची पुस्तकं खिडकीच्या फळीवर ओळीने उभी होती, पुठ्ठे पुसलेले. मशीनच्या पायाखाली रतनने लाकडाचा तुकडा ठोकून दिला होता. रंगारी शिडी सरकवत तिच्या डोक्यावर आला, पिवळ्या डागावर बोट घासलं आणि ब्रश डब्यात बुडवला.

"तो कोपरा राहू दे," ती म्हणाली.

"का हो, मावशी? सगळं झालं, एवढंच राहिलंय."

"ओल आहे अजून तिथे."

त्याने पुन्हा बोट लावलं. छत कोरडं खडखडीत होतं. त्याने खाली पाहिलं, पण सुगंधाने मान वर केली नाही. ती सुईत दोरा ओवत होती.